पुढच्या अठरा सीटा

सकाळी सात. चहा उकळेपर्यंत रात्रीचे मेसेज वाचून होतात. तिकिटांच्या धंद्यात जे बिघडायचं ते रात्री बिघडतं, कारण कोलकात्याहून परदेशी जाणारी बरीच विमानं रात्रीच सुटतात. दिवसभर गुवाहाटी, दिल्ली, आगरतळा अशा फेऱ्या मारलेलं विमान रात्री उभं करून ठेवलं तरी त्याचा हप्ता थांबत नाही. म्हणून ते बँकॉक किंवा ग्वांगझू करून सकाळी परत येतं. सुट्टीसाठीचं नवं ठिकाण कंपन्या कसं निवडतात असं कोणी विचारलं की मी आधी हेच सांगते. तिथला समुद्रकिनारा किती छान आहे, हे मागाहून बघतात. आधी बघतात, आपलं विमान कुठल्या वेळी मोकळं आहे आणि तेवढ्यात ते कुठे जाऊन येऊ शकतं. हॅनोई इथून अडीच तासांवर आहे. इंडिगोने ऑक्टोबर २०१९ मध्ये ती फेरी सुरू केली तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांना व्हिएतनाम म्हणजे अमेरिकेचं युद्ध एवढंच माहीत होतं. आता बायकांच्या भिशीचे ग्रुप तिकडे जातात.

आजचा मेसेज बँकॉकचाच. एका काकूंनी टीडीएसी, म्हणजे थायलंडचं ऑनलाइन आगमनपत्र, भरलेलं नव्हतं आणि त्या काउंटरवर अडकल्या होत्या. मे २०२५ पासून ते सगळ्यांना भरावं लागतं. व्हिसा माफ झाला म्हणजे कागदही संपले, असं लोक धरून चालतात. त्यांच्या मुलाने तिथल्या तिथे फोनवर भरून दिलं, सुटल्या.

पावणेनऊ. दमदमहून एस्प्लनेडला मेट्रोने वीसेक मिनिटं. देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ ला याच एस्प्लनेडहून भवानीपूरपर्यंत धावली. आता गंगेखालून हावड्याची गाडीही इथेच येते, आणि २२ ऑगस्ट २०२५ पासून ती पुढे सियालदहपर्यंत जोडली गेली. त्याच दिवशी नोआपाडा ते विमानतळ ही मेट्रोही सुरू झाली. म्हणजे एस्प्लनेडला गाडीत बसायचं, नोआपाड्याला बदलायची, की थेट दमदम विमानतळ. विमानतळापर्यंत मेट्रो पोचली, आणि विमानतळावरून युरोपला थेट जाणारं एकही विमान नाही. आमचा सगळा धंदा या एका वाक्याभोवती फिरतो.

सव्वानऊ. के. सी. दासच्या कोपऱ्यावर गर्दी असतेच. हे थंडीचे दिवस संपेपर्यंत नोलेन गुडाचा, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचा, संदेश मिळतो, तेवढ्यापुरती गर्दी जास्त. इथले जुने लोक या भागाला धर्मतलाच म्हणतात. बसचे कंडक्टरही तसंच ओरडतात. टिपू सुलतान मशिदीवरून गल्लीत वळलं की आमची कचेरी, जिना लाकडी, लिफ्ट बंद.

आमचे बडोबाबू, म्हणजे कचेरीतले वरिष्ठ, सत्तरीचे आहेत. चौरंगीवर परदेशी विमान कंपन्यांच्या काचेच्या खिडक्या होत्या आणि त्यात विमानांची मॉडेलं मांडलेली असायची, ते दिवस त्यांनी पाहिलेत. ते त्याला कोलकात्याचं वैभव म्हणतात. माझं मत जरा वेगळं आहे. केएलएमचं अॅमस्टरडॅम ते बटाव्हिया हे पहिलं विमान १९२४ मध्ये कलकत्त्याला उतरलं आणि लंडनहून निघणारी इंपीरियल एअरवेजची सेवा १९३३ मध्ये इथवर पोचली, कारण त्या विमानांना ठिकठिकाणी पेट्रोल भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. पूर्वेकडे जायचं तर दमदमला उतरणं भागच होतं. टाक्या मोठ्या झाल्या, जेट आले, जंबो आले, आणि ती विमानं आमच्या डोक्यावरून सरळ बँकॉक, सिंगापूरला जाऊ लागली. जे उतरत होते ते आमच्यासाठी उतरत नव्हते. बडोबाबूंना हे पटत नाही. पटू नये असंच त्यांचं वय आहे.

त्याच १९३३ मध्ये कोलकात्यात कुंडू स्पेशल सुरू झाली. सोबत स्वयंपाकी घेऊन बंगाली माणसाला देशभर फिरवून आणणारी ही कंपनी आजही चित्तरंजन अॅव्हेन्यूवर आहे. आपल्याकडे, महाराष्ट्रात, केसरी ही सहल कंपनी १९८४ मध्ये आली. स्वयंपाक्यासकट सहल ही कल्पना बंगाल्यांनी पन्नास वर्षं आधी चालवून दाखवली होती, हे पुण्याच्या लोकांना सांगितलं की ते विषय बदलतात.

दहा ते अकरा. क्यू साफ करणे. कंपन्यांनी वेळा बदलल्या, फेरी रद्द केली, तिकीट काढायची मुदत जवळ आली, असे सगळे निरोप बुकिंगच्या सिस्टिममध्ये एका रांगेत येऊन पडतात. एकेक उघडायचा, गिऱ्हाइकाला कळवायचा, बंद करायचा. यात सांगण्यासारखं काही नाही. पण नवं ठिकाण जमत नाहीये हे कळतं ते मात्र इथेच. आधी आठवड्याच्या पाच फेऱ्यांच्या चार होतात, मग तीन होतात, मग ‘हंगामापुरती स्थगित’ असा निरोप येतो. कंपनीची जाहिरात तेव्हाही रस्त्यावर लटकत असते.

सुट्टीवाल्या प्रवाशाइतका हलका प्रवासी दुसरा नाही. नोकरीवाला, व्यापारी, बाळंतपणाला निघालेली आई ही माणसं जायचं तिथे जातातच. सुट्टीवाला दुसरीकडे जातो. अझरबैजानचं बाकू बघा. दिल्लीहून थेट विमान, झटपट ई-व्हिसा, स्वस्त हॉटेलं, यामुळे दोन वर्षांत सगळ्यांच्या तोंडी झालं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर अझरबैजान आणि तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने बोलले, तेव्हा तिकडच्या सहली लोकांनी आठवड्याभरात रद्द केल्या. कझाकस्तानच्या अल्माटीचं तर त्याआधीच संपलं होतं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आकाश बंद केलं, वळसा घालून जाणं त्या छोट्या विमानाच्या टप्प्याबाहेर गेलं, आणि इंडिगोला दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंद दोन्ही थांबवावी लागली. ठिकाणं जिथल्या तिथेच होती.

अकरा. बहुबाजारचे अण्णा आले. आटपाडीकडचे. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले देशभर सोनं गाळायच्या भट्ट्या चालवतात; बहुबाजारच्या सराफ्यातही त्यांची घरं आहेत. माझे वडीलही त्यातलेच, म्हणून हे गिऱ्हाईक माझ्याकडेच येतं. यंदा सहा घरांनी मिळून मे महिन्यात युरोप ठरवलंय. ३४ माणसं, त्यात चार म्हाताऱ्या.

“ताई, लंडनचं थेट इमान हाय का न्हाय? आईला दोनदा चढउतार झेपत न्हाई.”

“नाही अण्णा. दुबईवरनं, नाहीतर मुंबईवरनं.”

“म्हंजे मुंबईवरनं हाय, आन् एवढ्या मोट्या कलकत्त्यावरनं न्हाई?”

मी त्यांना ग्रुपचं काम समजावलं. दहा किंवा जास्त माणसं असली की कंपनी ग्रुपचं भाडं देते. आपण आधी नुसत्या सीटा धरतो, नावं नंतर. सिस्टिममध्ये ते बुकिंग उघडलं की प्रवाशांच्या जागी फक्त ग्रुपचं नाव आणि ३४ हा आकडा दिसतो. खाली तारखा: अनामत कधी भरायची, उरलेले पैसे कधी, नावं कधी द्यायची, आणि कुठल्या तारखेपर्यंत किती सीटा दंडाशिवाय सोडता येतील. अण्णांनी ती शेवटची तारीख दोनदा वाचली. धंदेवाला माणूस; कुठे अडकणार हे त्यांना लगेच कळलं.

“आन् फुडच्या सीटा? आईसाठी एक?”

मी बिझनेस क्लासचं भाडं काढून दाखवलं. मागच्या सीटेच्या जवळजवळ चौपट. अण्णांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ऱ्हाऊ द्या. व्हीलचेअर सांगा.”

ते चुकले नाहीत. त्या पैशात घरातलं आणखी एक माणूस जाऊन येतं, वर खरेदी. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. पण लंडनचं थेट विमान का नाही, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःच दिलं होतं.

दीड. डेकर्स लेनमध्ये चित्तबाबूंच्या दुकानातला स्ट्यू आणि टोस्ट. एस्प्लनेडला काम करणारा माणूस ही गल्ली सोडून दुसरीकडे जेवायला जातो, यावर माझा विश्वास नाही.

अडीच. एका विमान कंपनीचा मार्केटिंगचा तरुण येऊन बसला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बेत अजून कागदावरच आहे. “दिदी, एक फॉर्म भरून द्या ना.” फॉर्मवर पाच ठिकाणं, दोन युरोपातली, बाकी पूर्वेकडची. प्रत्येकापुढे रकाने: महिन्याला किती प्रवासी देऊ शकाल, त्यातले ग्रुपचे किती, सुटे किती, बिझनेस क्लासचे किती, सध्या तुमची माणसं कुठून जातात.

विमान कंपन्या एजंटांना विचारून ठिकाण ठरवतात असं मात्र समजू नका. त्यांच्याकडे आमच्यापेक्षा चांगले आकडे असतात. कोलकात्याहून निघून दुबई, दोहा, अबू धाबी किंवा दिल्लीवरून कोण कुठे उतरलं, काय भाड्याने गेलं, कुठल्या महिन्यात गेलं, याची विकलेल्या तिकिटांवरची माहिती विकत मिळते. नवं ठिकाण म्हणजे बहुतेकदा जुनंच ठिकाण असतं. लोक तिथे आधीपासून वळसा घालून जात असतात आणि कंपनी तो वळसा काढते. फॉर्म असतो तो आम्ही सीटा विकायची जबाबदारी घेणार का, हे जोखायला.

मी त्याच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. समजा, एअर इंडियाच्या जुन्या मांडणीतलं ड्रीमलायनर ७८७-८ घेतलं. सीटा २५६, पुढे १८ बिझनेसच्या, मागे २३८. आठवड्याला तीन फेऱ्या म्हणजे जाताना ७६८ सीटा, येताना तेवढ्याच. शेकडा ८० भरायच्या तर आठवड्याला ६१४ माणसं हवीत, तीही बाराही महिने. मे महिन्यात आणि दुर्गापूजेच्या सुट्टीत ही माणसं कोलकाता चुटकीसरशी देईल. बंगाली माणसाइतका फिरणारा माणूस देशात नाही, हे मी मराठी असून सांगते. पण पूजेआधी जाणारं विमान भरून जातं आणि रिकामं येतं, नंतर उलटं होतं. फेब्रुवारीत दोन्हीकडून रिकामं. बाली किंवा मॉरिशसला हा त्रास कमी, कारण त्या बेटांवर जगभरातून माणसं वर्षभर उतरत असतात. गोव्याचं उदाहरण उलट्या दिशेचं आहे: तिथे युरोपची विमानं आली ती गोवेकरांना फिरायला नेण्यासाठी नव्हे, थंडीला कंटाळलेल्या इंग्रज, जर्मन आणि रशियनांना आणण्यासाठी. कोलकात्याला सुट्टी घालवायला कोण येतं? येत होते ते बांगलादेशचे लोक, इलाजासाठी आणि न्यू मार्केटच्या खरेदीसाठी. ऑगस्ट २०२४ नंतर व्हिसा आवळले गेले आणि मार्क्विस स्ट्रीटची हॉटेलं ओस पडली.

आणि पुढच्या सीटा. तीन फेऱ्यांच्या मिळून ५४. लांबच्या फेरीचं गणित त्यांवर तरतं किंवा बुडतं. मागच्या ग्रुपच्या भाड्यातून इंधन निघालं तरी पुष्कळ. तो तरुण हसला. त्याच्या साहेबांनीही त्याला हेच सांगितलं असणार.

चार. बडोबाबू चहा घेऊन वादात उतरले. “ब्रिटिश एअरवेजने आमच्याशी दगाच केला.” दगा वगैरे काही नाही. ब्रिटिश एअरवेज मार्च २००९ मध्ये कोलकात्याहून गेली, लुफ्तान्सा मार्च २०१२ मध्ये. दोघी मुंबई, दिल्ली, बंगळुरूला राहिल्या. साठच्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं एकेक करून कोलकाता सोडून गेली, आणि कंपनीच्या खर्चाने पुढे बसणारे साहेबही त्यांच्याबरोबर गेले. विमानं उशिरा गेली एवढंच. पुण्याकडे बघा. त्याची धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची, विमानतळ हवाई दलाचा, मोठं विमान भरून उडू शकत नाही. तरी लुफ्तान्साने २००८ मध्ये पुणे–फ्रँकफर्ट अशी छोट्या विमानाची सेवा सुरू केली, ती बिझनेस क्लासच्या जोरावर. पिंपरी-चाकणच्या जर्मन कारखान्यांनी ते विमान आणलं, पुणेकरांच्या स्वित्झर्लंड सहलींनी नाही. पुढे तेही बंद पडलं, पण जोवर उडलं तोवर कशावर उडलं हे लक्षात घ्या.

बडोबाबूंचा दुसरा मुद्दा परवानगीचा. तोही टिकत नाही. दुबईच्या बाबतीत खरा आहे: भारत आणि दुबईमधल्या करारात आठवड्याच्या सुमारे ६६ हजार सीटा ठरल्यात, त्या भरल्यात, म्हणून एमिरेट्सला हव्या तेवढ्या फेऱ्या वाढवता येत नाहीत. पण ब्रिटनशी २०१७ मध्ये झालेल्या करारात कोलकाता आणि चेन्नईसाठी फेऱ्यांची मर्यादाच काढून टाकली. दार नऊ वर्षं उघडं आहे, कोणी येत नाही. करोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० पासून, एअर इंडियाने लंडनची आठवड्याला दोन विमानं चालवली. बाकीची वाहतूक पूर्ववत झाली तशी तीही गेली. मार्च २०२५ मध्ये मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी लंडनला जाऊन थेट विमानाची मागणी केली. मागणी करायला हरकत नाही. पण कोलकात्याच्या ज्या मारवाडी व्यापाऱ्याला पुढची सीट परवडते, तो दुबईवरून जाण्यात सुखी आहे, कारण तिथून त्याला मँचेस्टर, मिलान, फ्रँकफर्ट काहीही मिळतं. आठवड्याला तीन दिवसच जाणारं विमान त्याच्या कामाचं नाही.

सव्वापाच. पुण्याच्या एका सहल कंपनीचा फोन. अण्णांचा ग्रुप त्यांच्या सहलीला मुंबईत जोडायचा आहे. पलीकडचे काका अथेन्सच्या आनंदात होते. इंडिगोने एअरबस ए३२१ एक्सएलआर हे नवं विमान घेऊन जानेवारी २०२६ मध्ये मुंबईहून अथेन्स सुरू केलं. मधे एकच पॅसेज असलेलं छोटं विमान, पण कागदावरचा पल्ला ८,७०० किलोमीटर. आधी युरोपला जायचं म्हणजे अडीच-तीनशे सीटांचं विमान लागायचं. आता त्याहून बऱ्याच कमी सीटा भरल्या तरी भागतं. ग्रीससारखं निव्वळ सुट्टीचं ठिकाण मुंबईच्या फलकावर लागलं ते त्यामुळे. आता नवी मुंबईचा विमानतळही डिसेंबर २०२५ पासून चालू झाला, तेव्हा तिथून सुटणाऱ्या विमानांसाठी पुणेकरांना घाटाखालीच पोचायचं आहे, मुंबईच्या गर्दीत शिरायचं नाही.

“तुमच्याकडून का नाही सुरू करत?” काकांनी विचारलं. कोलकाता ते अथेन्स अंतर साधारण ६,३०० किलोमीटर, म्हणजे विमानाच्या टप्प्यात बसतं. लंडन आठ हजारांच्या आसपास, म्हणजे अगदी काठावर. त्यात पश्चिमेला जाताना वारा तोंडावर आणि पाकिस्तानचा वळसा. लंडन विसरा, अथेन्स किंवा रोम म्हणा, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी लगेच ग्रुपचं भाडं विचारलं. सहलवाला माणूस.

साडेसहा. खाली फेरीवाल्यांचे दिवे लागलेत. फॉर्म अजून टेबलावर आहे. माझ्या ओळखीचे बरेच एजंट अशा फॉर्ममध्ये आकडे फुगवून लिहितात, म्हणजे कंपनी येते, पहिल्या वर्षी स्वस्त सीटा मिळतात, मग ती गेली तर गेली. मी युरोपच्या दोन्ही ठिकाणांपुढे मे आणि ऑक्टोबरसाठी खरे वाटणारे आकडे लिहिले, बाकी प्रत्येक महिन्याला आठ, आणि बिझनेसच्या रकान्यात शून्य. पूर्वेच्या तीन ठिकाणांपुढे सढळ हाताने लिहिलं. तिथे व्हिसा सोपा आहे, विमान छोटं आहे, आणि मुलाची परीक्षा संपली की लोक चार दिवस जाऊन येतात.

सात. अण्णांच्या अनामतीची पावती पाठवली. ३४ नावं पासपोर्टवर जशी आहेत तशी पाठवा, ‘अण्णा’ चालणार नाही, असं खाली लिहिलं.

माझा अंदाज असा आहे की युरोपचं थेट विमान कोलकात्याला परत आलं तर ते लंडनचं नसेल आणि मोठंही नसेल. छोट्या विमानाचं, आठवड्यातून तीन दिवसांचं, ग्रीस किंवा इटलीचं असेल. ते आलं तर पहिल्या वर्षी सप्टेंबर किंवा फेब्रुवारीत तिकीट काढा. मे महिन्यात ते तुमच्याशिवायही भरणार आहे.